तार कुठली लावता?

माणसं कलावंताला काय विचारतात यावरून त्या कलेची नाडी ओळखावी. नटाला विचारतात, "एवढं सगळं पाठ कसं राहतं हो?" लेखकाला विचारतात, "तुम्हाला हे सुचतं कसं?" आणि घरी जाताना बायकोला विचारतात, "पण का सुचतं?" गवयाला विचारतात, "आवाजासाठी पथ्यपाणी काय?" तो बिचारा तोंडातलं पान या गालातून त्या गालात सरकवतो आणि "छे, सगळी गुरुकृपा" म्हणून मोकळा होतो. पण रॉक गिटार वाजवणाऱ्या एखाद्या केसाळ माणसाभोवती पोरांचा घोळका जमला, की पहिला प्रश्न ठरलेला. "तार कुठली लावता?" दुसरा, "ॲम्प्लिफायर कुठला?" तिसरा, "कुणाचं ऐकून शिकलात?" आणि चौथा, "पुढचा दौरा कुठे?" लग्न झालंय का, घर स्वतःचं की भाड्याचं, महिन्याकाठी सुटतात किती, असल्या राष्ट्रीय महत्त्वाच्या प्रश्नांना तिथं कुणी हातसुद्धा लावत नाही.

सज्जन मंडळींना हे चमत्कारिक वाटतं. जेवण सोडून पातेल्याची चौकशी करावी तसं! पण मुंबईतल्या रॉक गिटारीचा इतिहास लिहायला कुणी बसलाच, तर त्याला या पातेल्यापासूनच सुरुवात करावी लागेल. आणि ज्याच्या डोक्यावरून आयुष्यभर विमानं आणि कानांवरून गिटार गेली, असा मरोळचा रहिवासी त्या कामाला अगदीच नालायक म्हणता येणार नाही.

आता मरोळचा आणि रॉक गिटारीचा संबंध काय, असं तुम्ही विचाराल. २०१४ साली मरोळ नाक्याला मेट्रोचं स्टेशन झालं आणि आम्ही माणसांत आलो. त्याआधी 'मरोळला राहतो' म्हटलं की दादरचे नातेवाईक निघताना बरोबर डबा बांधून देत. पण एका बाबतीत मरोळ दादरच्या बरंच पुढे होतं. आज जिथं सीप्झ आहे तिथं १५७९ साली पोर्तुगीज जेझुइटांनी एक चर्च बांधलं. १८४० मध्ये रोगाची साथ आली, तेव्हा गावकरी ते चर्च सोडून देवाच्या मूर्तीसह मरोळला आले. हे आमचे ईस्ट इंडियन ख्रिस्ती. घरात मराठी बोलणारे, आणि लग्नाच्या वेळी 'उंबराचं पाणी' आणायला वाजतगाजत विहिरीवर जाणारे. आम्ही पेटी-तबलावाले मध्यमवर्गीय मागाहून ब्लॉक घेऊन आलो आणि 'इथं फार आवाज असतो' म्हणून तक्रार करू लागलो. थोडक्यात, विलायती सूर मरोळात आमच्याआधी मुक्कामाला होते. पाहुणे आम्ही!

त्या गावठाणातल्या एका ओसरीवर माझ्या भाच्यानं पहिल्यांदा गिटार हातात घेतली. भाचा मूळचा मिरजेचा. १९८० नंतर तो डिप्लोमा करायला मुंबईला आला आणि आमच्याकडे उतरला. बहिणीनं निक्षून सांगितलं होतं, "पोराला वाईट संगत लागू देऊ नकोस." वाईट संगत म्हणजे तिच्या मते सिगारेट. संगत लागली ती सहा तारांची, आणि त्याबद्दल सूचना आलेल्या नव्हत्या.

गिटार लागली खरी, पण मिळणार कुठून? परदेशी गिटारीवर जकात एवढी, की त्या पैशात आपल्याकडे एखाद्या मुलीचं लग्न उरकावं. फेंडर नि गिब्सन ही नावं पोरांनी तबकडीच्या पाकिटावरच्या फोटोत पाहिलेली, तीसुद्धा भिंगातून. मग आपल्या लोकांनी तोड काढली. कलकत्त्याहून 'गिव्हसन' नावाची गिटार येई. एका अक्षराचा तर फरक! 'हॉफ्नर' परवडत नसेल त्याला 'हॉबनर' होती. उल्हासनगरच्या 'मेड इन यूएसए'वर वाढलेल्या पिढीला यात काही वावगं वाटलं नाही. भाच्यानं एक जुनी गिव्हसन मिळवली. तिच्या तारा पट्टीपासून इतक्या उंच होत्या की मधून उंदीर मान ताठ ठेवून गेला असता. पोराच्या डाव्या हाताची बोटं महिनाभर सोलवटलेली. बहिणीला पत्रातून मी 'वर्कशॉपचं काम कठीण असतं' एवढंच कळवलं.

ॲम्प्लिफायरची तऱ्हा तीच. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओला मागच्या बाजूस ग्रामोफोन जोडायची सोय असे. त्या भोकात गिटारीची वायर खुपसली आणि आवाज चढवला, की रेडिओ बिचारा शक्तीबाहेरचं ओझं उचलल्यासारखा घोगरा ओरडू लागे. गंमत अशी, की तो घोगरा आवाजच पाहिजे असे! आमच्या शेजारच्या आजोबांनी ज्या रेडिओवर जन्मभर बातम्या ऐकल्या, तो रेडिओ आता तारस्वरात रडतोय हे पाहून ते हळहळले. पण मरोळला दर पाच मिनिटांनी विमान जातं. तेवढा वेळ सगळेच समान. गिटार नाही, आजोबा नाहीत, बातम्याही नाहीत.

शिकवणार कोण? पुस्तक नाही, मास्तर नाही. रेडिओ सिलोन होतं. १९६७ ते १९७७ कलकत्त्याहून 'ज्युनियर स्टेट्समन' निघे, त्यातली छायाचित्रं भिंतीवर असत. बाकी सगळी भिस्त तबकडीवर. एक कठीण तान ऐकायला सुई पन्नास वेळा मागं नेऊन ठेवायची. त्यातही एक युक्ती गावठाणातल्या थोरल्या पोरांनी भाच्याला शिकवली. काही ग्रामोफोनांवर मिनिटाला १६ फेऱ्यांचा वेग असे. तेहतीसची तबकडी त्या वेगावर लावली, की गती बरोबर निम्मी होते आणि सूर एक सप्तक खाली येतात. मग जगातला सगळ्यात चपळ वादकही जेवून सुस्तावल्यासारखा वाजवू लागतो आणि त्याचं प्रत्येक बोट कानाला दिसतं. एकलव्यासमोर निदान मातीचा पुतळा होता. यांचे द्रोणाचार्य चकतीवर गरगरत होते.

तुम्ही म्हणाल, हे सगळं गरिबाघरचं झालं, परदेशात तसं नव्हतं. तर ऐका. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इंग्लंडातल्या पोरांकडेही काही नव्हतं. १९५६-५७ च्या सुमाराला तिथं 'स्किफल' नावाच्या संगीताची लाट आली, तेव्हा चहाच्या खोक्याला काठी नि दोरी बांधून ती पोरं खर्ज वाजवत. चहा बहुधा आपल्याकडचा, खोकं त्यांचं. त्याच लाटेत १९५७ साली टेलिव्हिजनवर जिमी पेज नावाचा एक शाळकरी मुलगा गिटार वाजवून गेला. त्याच्याकडे आपल्याला पुन्हा यायचं आहे. जेम्स बर्टन या अमेरिकन वादकाला बाजारातल्या तारा जाड वाटल्या, त्यानं बँजोच्या पातळ तारा आणून चढवल्या. डेव्ह डेव्हिस यानं १९६४ साली लाउडस्पीकरचा पडदा ब्लेडनं फाडला. शेजाऱ्यांनी नव्हे, त्यानं स्वतः! का, तर आवाज फाटका यावा म्हणून. ब्रायन मे यानं १९६३ पासून वडिलांच्या मदतीनं घरीच गिटार बनवली. लाकूड जुन्या शेकोटीच्या वरच्या फळीचं, स्प्रिंगा मोटारसायकलच्या, आणि तारा छेडायला सहा पेनीचं नाणं. हीच गिटार घेऊन तो क्वीन या जगप्रसिद्ध बँडमध्ये वाजवू लागला. त्या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेतला फारुख बलसारा. १९५८ साली शाळेतल्या 'हेक्टिक्स' या बँडात तो पियानो बडवायचा. पाचगणी म्हटलं की आपल्याला फक्त स्ट्रॉबेरी आठवते, हा आपला दोष.

आणि टोनी आयोमी. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात सतरा वर्षांचा हा पोरगा काम करत होता. नोकरीचा शेवटचा दिवस. यंत्रात उजवा हात गेला आणि मधल्या दोन बोटांची टोकं तुटली. हा डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच तो. कारखान्यातल्या वरिष्ठानं त्याला जँगो राइनहार्टची तबकडी ऐकवली. १९२८ साली आगीत जँगोच्या डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली होती, आणि तरी तो तसं वाजवत होता. मग आयोमीनं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं, बँजोच्या पातळ तारा लावल्या, पुढे त्या सैलही सोडल्या. त्यातून जो जड, खोल आवाज निघाला त्यावर ब्लॅक सॅबथ उभा राहिला आणि त्यामागून एक अख्खा संप्रदाय. भाच्यानं मला ही गोष्ट सांगितली तेव्हा आम्ही साकीनाक्याच्या बाजूनं चाललो होतो. दोन्ही हातांना लहान लहान गाळे, आणि प्रत्येक गाळ्यात प्रेस मशीन धाडधाड चाललेलं. बोटं गमावलेली माणसं आमच्याकडे दुर्मीळ नाहीत. चहाच्या टपरीवर ग्लास धरलेला हात पाहिला की कळतं. "यांना कुणी तबकडी ऐकवली नाही," एवढंच भाचा म्हणाला. त्यानंतर तारांच्या चौकशीला मी हसायचा बंद झालो.

एकदा सुट्टीत तो गिटार घेऊन मिरजेला गेला. मिरजेला तंबोरे नि सतारी करणाऱ्यांची गल्ली आहे. दीडशेहून जास्त वर्षं ती घराणी हेच काम करतात. मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. राज्यं गेली, तलवारी गेल्या, तेव्हा तो हात भोपळ्याकडे वळला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला नि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथल्या एका वृद्ध कारागिरानं भाच्याची गिटार उलटसुलट करून पाहिली. आता हे काहीतरी लागट बोलणार, म्हणून माझा मेहुणा आशेनं पुढं सरकला. म्हाताऱ्यानं विचारलं, "तार कुठली लावता?"

मग दोघांची जुंपली, ती दिवेलागणीपर्यंत. म्हाताऱ्यानं तंबोऱ्याची जवारी दाखवली. घोडीचा माथा अगदी अलगद उताराचा घासायचा, तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा, म्हणजे तार घोडीला किंचित घासत राहते आणि सुराभोवती इतर सुरांचा थवा उठतो. भाचा ओरडला, "अहो, हेच आम्ही रेडिओ फाडून करतो!" आणि खरंच आहे. शुद्ध, गुळगुळीत सूर कुणालाच पुरत नाही. त्याला थोडी खरखर लावली की तो भरून येतो. सतारिया तार पडद्यावर आडवी ओढून मींड काढतो, गिटारवाला तेच करतो आणि त्याला 'बेंड' म्हणतो. मेहुण्याला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही. ज्या गोष्टीला तो थेरं म्हणत होता, ती आपल्याच गल्लीतली निघाली.

आता मुंबईत ही गोष्ट कशी वाढली ते पाहू. १९६६ च्या सप्टेंबरात बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन सतार शिकायला मुंबईत येऊन राहिला, रविशंकरांकडे. १९६८ च्या जानेवारीत पुन्हा आला आणि एचएमव्हीच्या स्टुडिओत आपल्या वादकांना घेऊन मुद्रण करून गेला. म्हणजे जगातला एक मोठा गिटारवाला गिटार ठेवून सतार उचलत होता, आणि आमची पोरं सतार ठेवून गिटार. वाटेत भेट झालीच असणार! १९७० आणि ७१ साली सिमला सिगारेटवाल्यांनी बँडांच्या स्पर्धा घेतल्या. अंतिम फेरी षण्मुखानंद सभागृहात. एरवी तिथं कर्नाटक संगीत आणि फिल्टर कॉफी चाले, त्या भिंतींनी हेही सोसलं. १९७१ सालीच लोणावळ्यापलीकडे मळवलीला 'स्नेहयात्रा' नावाचा रॉकचा मेळा भरला. एकवीरेच्या डोंगराखाली तेवढे केस तोवर फक्त जत्रेतच दिसत.

त्याच साली 'दम मारो दम' आलं. त्या गाण्यातल्या गिटारीनं तरुण पिढी बिघडली, यावर आमच्या ब्लॉकमध्ये एकमत होतं. हेच लोक पुढे संध्याकाळी दिवे मंद करून भूपिंदर सिंग यांच्या गझला ऐकत डोळे पुसायचे. ती बिघडवणारी गिटार भूपिंदर यांचीच होती, हे मी एकदा सहज सांगितलं. दिवे पुन्हा लावण्यात आले.

आणि १९७२. जिमी पेज, तोच चहाच्या खोक्याच्या जमान्यातला मुलगा, आता लेड झेपलिनचा. त्या काळी गिटारवाल्यांतला जवळजवळ देवच. ऑक्टोबरात तो आणि गायक रॉबर्ट प्लँट मुंबईत आले. इथल्या वादकांना घेऊन दोन गाणी मुद्रित केली. ती बाजारात यायला २०१५ साल उजाडलं. आपल्याकडे प्रॉव्हिडंट फंडसुद्धा याहून लवकर मिळतो. पण पोरांच्या दृष्टीनं मोठी गोष्ट वेगळीच. कुलाब्याला अपोलो बंदराजवळ 'स्लिप डिस्क' नावाचा क्लब होता. नावावरून हाडवैद्याकडे चिठ्ठी घेऊन जावं असा. तिथं हे दोघे एका रात्री आले आणि इथल्या पोरांचीच वाद्यं मागून घेऊन वाजवू लागले. ज्या गिटारींना आम्ही नावं ठेवत होतो, त्यांतलीच एक त्या रात्री पेजच्या गळ्यात होती. त्यांतून आवाज निघाला तो पेजचा. सामान कमी पडतं म्हणून रडणाऱ्या पोरांना ही कथा तेव्हापासून औषधासारखी पाजली जाते.

आपले मराठी लोक यात नव्हते असं समजू नका. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा मुलगा नंदू भेंडे १९७४ साली 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार'मध्ये जुडास झाला आणि 'ॲटॉमिक फॉरेस्ट' बँडातूनही गायला. त्या बँडची एकुलती एक तबकडी निघाली १९८१ साली. तोवर बँडच फुटला होता. बारशाला आई-बापच हजर नाहीत, तशातला प्रकार. मार्च १९८० मध्ये 'पोलीस' नावाचा इंग्रजी बँड होमी भाभा सभागृहात वाजवून गेला. कार्यक्रम ठरवला होता 'टाइम अँड टॅलंट्स क्लब'च्या पारशी बायकांनी! १९८४ साली 'रॉक मशीन' निघालं, त्यात गिटारीवर महेश तिनईकर. पुढं काही वर्षं महापालिकेचे आयुक्तही तिनईकरच होते. एक तिनईकर मुंबई शांत करत होते, दुसरे हलवत होते.

१९८६ पासून धोबी तलावाच्या रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' सुरू झालं. उघडं नाट्यगृह आणि महिना ऑगस्टचा. एका वर्षी भाचा मला घेऊन गेला. पावसात छत्री धरून रॉक ऐकणारा त्या गर्दीत मी एकटाच. पोरं वाट करून देत होती, "काकांना जाऊ द्या." गाण्यातलं मला फारसं कळलं नाही. पण कार्यक्रम संपल्यावर स्टेजच्या बाजूला जे पाहिलं ते कळलं. घामानं भिजलेला गिटारवाला वायरी गुंडाळत होता आणि भोवती वीस-पंचवीस पोरं. कोण कल्याणचं, कोण वसईचं, आमचं मरोळचं. "तार कुठली?" तो म्हणाला, "नऊ नंबर." म्हणजे पहिली तार इंचाच्या हजार भागांतले नऊ भाग जाड. "मिळते कुठे?" "विमान कंपनीतला मित्र आणतो. तुटली की बोंब." "मग?" "जुनी उकळायची. मळ निघतो, चार दिवस नव्यासारखी वाजते." त्यानं लॅमिंग्टन रोडवरचे दोन ट्रान्झिस्टर घेऊन आवाज फाटका करायची डबी कशी करायची तेही सांगितलं. कुणी हातावर लिहून घेतलं, कुणी तिकिटाच्या मागं. शेवटची लोकल चुकेल याची पर्वा कुणालाच नव्हती.

हे विद्यालय होतं. फी नाही, हजेरीपट नाही, पदवी नाही. आपल्याकडे घराण्याची चीज गंडा बांधल्यावर मिळते. इथं 'तार कुठली' एवढं विचारता आलं, की तुम्हाला घराण्यात घेतलं! 'मीही वाजवतो' हे सांगायची दुसरी रीत त्या पोरांना ठाऊक नव्हती. त्या आठवड्यात आमच्या घरी चहाला एक धातूची चव येऊ लागली. चौकशी केली तेव्हा कळलं, की चहाच्या पातेल्यात रात्री गिटारीच्या तारा उकळल्या जात होत्या. हिनं ते पातेलं भाच्याला कायमचं देऊन टाकलं. रागानं दिलं, पण दिलं.

२००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. इस्पितळ, शाळा, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटर शांतता. रंगभवनाच्या एका अंगाला कॉलेज, जवळच इस्पितळं. काही वर्षांत तिथला आवाज बंद झाला. आजाऱ्याला झोप हवी, हे मी विमानाखाली राहणारा माणूस कसं नाकारू? पण आजाऱ्याची सोय झाली आणि विचारणाऱ्या पोरांची गैरसोय झाली, हे कुठल्याच कागदावर आलं नाही. गाणी दुसरीकडे वाजली. तो स्टेजच्या बाजूचा चिखलाचा कोपरा दुसरीकडे मिळाला नाही. मोठ्या मैदानात मधे बांबूचं कुंपण असतं. २००५ च्या मार्चमध्ये वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर मार्क नॉप्फ्लर आला, तेव्हा भाचा पाच तास उभा राहिला. परत येऊन म्हणाला, "मामा, तबकडीवर त्याचं बोट न् बोट ऐकलंय. तिथं मात्र तो नखाएवढा दिसत होता. विचारणार कोणाला?"

भाच्याचा डिप्लोमा वाया गेला नाही. सीप्झमधल्या एका कारखान्यात तो सर्किटं जोडत असे. त्या जुन्या चर्चच्या पडक्या भिंती तिथंच आत आहेत. बँड त्यानं फार दिवस चालवला नाही. ज्यांनी चालवले त्यांतल्या बहुतेकांची नावंही तुम्ही ऐकली नसतील. त्यांनी दुसऱ्यांची गाणी वाजवली, तुटक्या सामानावर वाजवली, आणि आपल्याला जे कळलं ते विचारणाऱ्याला फुकट सांगितलं. आज मेट्रोत पाठीवर गिटार घेतलेली पोरं-पोरी दिसतात. वाद्यं दुकानात मिळतात, हप्त्यानं मिळतात, हवी ती तान फोनवर हव्या त्या वेगानं दिसते. हे चांगलंच झालं. सोलवटलेल्या बोटांची कुणी आठवण काढून रडू नये.

इंडिपेंडन्स रॉक काही वर्षं बंद पडलं होतं, ते २०२२ च्या नोव्हेंबरात माझगावला पुन्हा भरलं. भाचा चष्मा, गुडघ्याचा पट्टा आणि रक्तदाबाची गोळी घेऊन गेला. रात्री साडेबाराला मला फोन. माझ्या वयाला त्या वेळी फोन आला की पहिल्यांदा वाईटच मनात येतं. पलीकडून ओरडणं ऐकू आलं, "मामा, एक पोरगं भेटलं. वीस वर्षांचं असेल. काय वाजवतंय! मी विचारलं त्याला, तार कुठली लावतोस?"

"मग? काय म्हणालं?"

"अर्धा तास बोललं! आता तारेवर लेप असतो, मामा. मळ धरतच नाही. उकळायची गरज नाही!"

"अरे वा," मी म्हटलं, "मग मामीचं पातेलं परत आणून दे."